करवत झाकणाशिवाय चालवू नये

मी, एलियास न्यामुकापा, राहणार मुतारे, लाकडाच्या वखारीचा मालक, हे राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी धमकावलेले नाही. भीती मात्र आहे, आणि तिच्यामुळेच आज लिहायला बसलो.

एक. राहते घर पत्नी लोइस हिचे. ती असेपर्यंत तिला तिथून कोणी हलवू नये. गावाकडच्या गाई मुलींनी वाटून घ्याव्यात. काळी गाय मारते. ती कोणी न्यायची हे त्यांनी आपसात भांडून ठरवावे.

दोन. धाकटा भाऊ सायलस याला माझी सायकल. माझ्या लग्नात मटण कमी पडले असे तो अजून गावभर सांगतो, म्हणून सीट काढून ठेवली आहे.

तीन. वखार मुलगा किंग्स्टन याची, पण अटीवर. मी आजारी पडल्यावर कारभार त्याच्याकडे दिला. माल भराभर निघावा म्हणून त्याने मोठ्या करवतीच्या पात्यावरचे लोखंडी झाकणच काढून टाकले. तेव्हापासून कामगार सुटताना मी फाटकापाशी उभा राहतो. रिवाजाप्रमाणे ते टाळ्या वाजवून निरोप घेतात आणि मी त्यांची बोटे पाहतो. दुसऱ्याच्या हावेपायी ज्याचा जीव जातो, त्याचा आत्मा हाव करणाऱ्याच्या नातवंडांचीही पाठ सोडत नाही. आमच्याकडे त्याला न्गोझी म्हणतात. पाद्री यावर हसतात. मला हसू येत नाही.

कामगार समितीची प्रमुख केरेसेन्झिया हिचे देवक आमचेच, सिंह. म्हणजे आमच्या रिवाजाने ती माझी बहीण आणि किंग्स्टनची आत्या. सोमवारी तिने त्याला सगळ्यांदेखत झापले, "अरे ए, लाज आहे का? तुझी लंगोटं बदललीत मी! आधी ते झाकण लाव, मग साहेबगिरी कर!" आत्या भाच्याला असेच बोलते, तो तिचा हक्कच आहे. पण या खुळ्याने मालकाचा अपमान केला म्हणून शिस्तभंगाची नोटीस काढली.

मला म्हणाला, "बाबा, वखारीत आत्या-बित्या कोणी नसते."

"मग कायदा तरी बघ. चौकशी न करता, तिची बाजू न ऐकता तिला काढता येत नाही. आणि धोका दाखवला म्हणून तर मुळीच नाही."

"तुम्ही आराम करा हो."

म्हणून अट अशी की झाकण बसवावे आणि केरेसेन्झियाला या कारणावरून काढू नये. यातले काहीही मोडले तर वखार मुलींकडे जावी.

चार. केरेसेन्झियाला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला तिची सही हवी आहे. ती इथे वखारीच्या कचेरीत माझ्यासमोरच बसली आहे. म्हणते, "दादा, आटपा लवकर, मेल्यासारखे काय लिहिताय!"

इथे लिहिणे थांबले होते. सुटीला वेळ असताना करवत अचानक बंद पडली आणि कोणीतरी ओरडले. केरेसेन्झिया धावत गेली. मला खुर्चीतून उठता येईना. मी एकेका कामगाराचे नाव घेत बसलो.

ती परत आली. कोणाला लागलेले नाही. एकाची बाही पात्यात ओढली गेली होती. त्याने शर्ट फाडून स्वतःला सोडवले. करवतीची किल्ली तिने माझ्यापुढे ठेवली. मागोमाग किंग्स्टन आला, "बाबा, हिने काम बंद पाडलं! आत्ताच्या आत्ता काढतो हिला!"

मी किल्ली खिशात घातली. "मालक अजून मी आहे. झाकण बसेपर्यंत करवत बंद. तिला काढायचं नाही."

तेव्हा कलम तीनमधील अट माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासूनच लागू आहे. भीती गेलेली नाही. त्यामुळे खालची सही वाकडी येईल. ती माझीच आहे, याबद्दल पुढे कोणी वाद घालू नये.

सही: एलियास न्यामुकापा

आमच्यासमोर सही केली:
१. एनॉस गोरेमुसांडू, शेजारी, निवृत्त शिक्षक
२. केरेसेन्झिया धलिवायो, वखार कामगार

मुतारे, १७ ऑक्टोबर २०१९