पिशवीतली कोरी पट्टी

प्रिय ताई,

बर्फ हटला, रस्ता उघडला. खालून पहिली गाडी आली आहे आणि उद्या परत जाईल, तिच्याबरोबर हे पत्र. फोनवर यातलं काही बोलता आलं नसतं. इथला फोन म्हणजे विहिरीत ओरडल्यासारखं, आणि मागे पाळीसाठी माणसं उभी. तू 'मी मजेत' म्हणतेस, मी 'मीही मजेत' म्हणतो, तेवढ्यात बंब खोकतो आणि आपलं बोलणं संपतं. बंब म्हणजे आमचा जनरेटर सांभाळणारा. अंगाने तसाच आहे आणि कायम तापलेला असतो, म्हणून हे नाव. त्याला ते आवडतं.

आमच्या हवामान केंद्राच्या साहेबांनी विचारलं होतं, पुढचा हिवाळाही इथे वरच काढणार का. गाडी सुटायच्या आत सांगायचं होतं. वाऱ्याचा वेग, बर्फाची जाडी, हवेचा दाब नोंदत बसणं मला आवडतं, हे तुला माहीत आहे. तुझं मतही मला माहीत आहे. मागच्या फोनला मी काही बोलायच्या आधीच तू म्हणालीस, 'राहा की तिथेच. इथे कोणाचं अडलंय तुझ्यावाचून?' मी हसलो. पण ते वाक्य नंतर डोक्यातून जाईना. तू इतक्या घाईने कधी बोलत नाहीस. साहेबांना काय सांगितलं ते या पत्रात शेवटी लिहितो. आधी तू पाठवलेल्या वाळवणाच्या खोक्याबद्दल लिहायचं आहे, कारण माझं उत्तर त्या खोक्यातूनच आलं.

हिवाळ्याआधी आलेलं तुझं खोकं आता संपत आलं. तळाशी थोडी गाजरं आहेत, थोडे टोमॅटो. बंब ती मोजून वाढतो, जणू त्यानेच वाळवली आहेत. बाहेर सगळं पांढरं असतं तेव्हा ताटलीत लाल दिसणं किती मोठी गोष्ट आहे, हे खाली राहून कळत नाही. टोमॅटोची चकती गरम पाण्यात टाकली की आधी काहीच होत नाही. मग कडा सैल पडतात, मग ती उघडते, आणि खोलीभर वास येतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा साहेब हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहिले. ताटली पुढे केली. इथल्या दुसऱ्या कोणाच्याही घरून असं काही येत नाही. डबाबंद जेवणाला सगळ्यांची एकच चव असते, डब्याची.

मी पहिल्या हिवाळ्यानंतर घरी आलो तेव्हा तू मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, 'नाव खारीक ठेवलं म्हणून खरंच तसं व्हायचं असतं का रे?' त्याच आठवड्यात तू सुताराला बोलावलंस. फळं-भाज्या वाळवायची लाकडी पेटी, आत जाळीचे ट्रे, खाली गरम तार, मागे पंखा. सुताराला वाटलं, तुला कोंबड्यांची अंडी उबवायची आहेत. त्याने शेजारच्या गल्लीत तसं सांगितलंही, आणि कितीतरी दिवस लोक पिलं कधी निघणार म्हणून विचारत होते. तू कोणालाही सांगत बसली नाहीस. 'निघतील,' म्हणायचीस.

पहिली सफरचंदं बिघडली ते आठवतं? तार फार तापली होती. फोडी वरून चामड्यासारख्या झाल्या, वाटलं झाल्या, तू बरणी भरलीस. आत ओल राहिली होती. बरणी उघडली तेव्हा सगळीकडे बुरशी. मी असतो तर पेटी सुताराला परत दिली असती. तू बरणी घासलीस, आच कमी केलीस आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून पुन्हा सफरचंदं आणलीस. तेव्हापासून मंद आच, आणि सगळ्या फोडी एकाच जाडीच्या, म्हणजे सगळ्या एकदम वाळतील. फोडी लिंबाच्या पाण्यातून काढायच्या. शेंगा आणि गाजरं उकळत्या पाण्यात बुडवून घ्यायची. वाळलं की पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच बरणीत. बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, रोज हलवायची आणि उजेडाला धरून काचेवर दव दिसतं का बघायचं. दिसलं तर सगळं परत ट्रेवर. हे तू कोणाकडून शिकलीस ते मला माहीत नाही. मला वाटतं, छापखान्यात. सगळं आयुष्य तू बाइंडिंगच्या टेबलाशी काढलंस. कागद चिमटीत धरून त्याची जाडी सांगायचीस, आणि दमट हवेत कागद कसा मलूल पडतो ते तू मला नोकरी लागायच्या कितीतरी आधी सांगितलं होतंस. हवा मोजायचं माझं पहिलं शिक्षण तेच.

आता या खोक्याचं सांगतो. आधीच्या खोक्यांत प्रत्येक पिशवीवर तुझ्या बारीक अक्षरातली चिठ्ठी असायची. 'गाजर. भिजू दे, घाई करू नकोस.' 'कांदा. जपून, बंब सगळा संपवेल.' बंबने ती चिठ्ठी जनरेटरच्या खोलीत लावून ठेवली आहे. या वेळी एकाही पिशवीवर चिठ्ठी नव्हती. पिशव्यांची तोंडं पिळून करड्या दोऱ्याने बांधलेली, बस. मला वाटलं, तुला कंटाळा आला असेल. फोनवर तसं विचारलं तर म्हणालीस, 'खायला देतेय, वाचायला नाही.' मग मी कात्री घेतली, बहुतेक दोरे कापले, आणि त्या पिशव्या इथल्या पत्र्याच्या डब्यांत रिकाम्या केल्या. दोरे शेकोटीत गेले. त्याचं फळ लगेच मिळालं. साहेबांच्या सूपमध्ये बटाट्याच्या जागी नासपती गेलं. सगळे चमचा तोंडात धरून बसले. शेवटी बंब म्हणाला, 'ताईंनी काहीतरी नवीन केलंय. मला आवडलं.' तो तुझ्याविरुद्ध शब्द ऐकून घेत नाही.

शेवटच्या काही पिशव्या तशाच राहिल्या होत्या, त्या उघडताना मी दोरा कापला नाही, सोडवत बसलो. बर्फाचं वादळ होतं, दुसरं काम नव्हतं. तेव्हा दिसलं की गाठी सारख्या नाहीत. फळांच्या पिशवीला एक निरगाठ. भाजीला दोन. शिजवून वाळवलेल्या भाताला तीन. आणि खजुरासारखी मऊ राहिलेली केळी होती, फार दिवस न टिकणारी, त्या पिशवीला निरगाठच नव्हती. सुरगाठ होती. एक टोक ओढलं की मोकळी. म्हणजे हे आधी संपवा. तू सगळं सांगितलं होतंस आणि मी ते कात्रीने कापून जाळलं होतं.

मग मी फोडींकडे नीट पाहिलं. जाडी तुझीच, एकसारखी, कागदाच्या थप्पीसारखी. पण सफरचंदावर मधेच सालीचा पट्टा राहिलेला. एका फोडीत बी. तुझ्या फोडीत बी मी जन्मात पाहिली नव्हती. जाडी चुकत नाही आणि साल राहते, हे कोडं मला सुटेना. आणि फोनवर तू नव्यानेच काहीतरी विचारायला लागली होतीस. 'गाजर केशरी आहे ना अजून? टोमॅटो काळा नाही ना पडला?' मला वाटायचं, कौतुक ऐकायचं आहे. मी कौतुक करायचो. तू म्हणायचीस, 'ते राहू दे, रंग सांग.'

प्रत्येक पिशवीत कागदाची एक पट्टी पण होती. बोटभर लांब, पातळ, दोन्ही बाजूंनी कोरी. बंब म्हणाला, 'ताईंनी पत्र पाठवलंय, लिहायचं राहिलं.' आम्ही हसलो. पट्ट्या मी काढून ठेवल्या, फेकवेनात. त्या दिवशी एक हातात घेतली आणि उगाच दुमडली. ती कडकन वाजली. मग मी ती माझ्या ओल्या हातमोज्यात घालून ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा दुमडली. आवाज नाही. मलूल. तेव्हा कळलं, ताई. बरणीच्या काचेवरचं दव बघायच्या ऐवजी तू बरणीत कागद ठेवतेस. बरणी हलवतेस आणि ऐकतेस. पट्टी वाजली तर माल वाळला. नाही वाजली तर परत ट्रेवर.

मी कोठीच्या खोलीत गेलो, डोळे मिटले आणि उरलेल्या पिशव्या हाताने बघितल्या. गाठी कळल्या. फोडींची जाडी कळली. पट्टी ऐकू आली. कांदा, केळं, टोमॅटो वासाने कळले. साल राहिलेली कळली नाही, रंग कळला नाही. तेवढंच. बाकी सगळं तू कुठे काही कमी न होऊ देता करून ठेवलं होतंस. बंबने मला तसा डोळे मिटून उभा पाहिला आणि म्हणाला, 'गारठा डोक्यात गेला का?' मी म्हणालो, 'ताईचं खोकं वाचतोय.' त्याला तेव्हाच समजलं असावं, कारण त्यानंतर त्याने सूपमधल्या नासपतीचा विषय कधी काढला नाही.

तुझी नजर कुठवर आली आहे, मला माहीत नाही. वर्तमानपत्राचे मथळे दिसतात की तेही नाही, जिना कसा उतरतेस, पेटीच्या तारेशी हात कसा सांभाळतेस, यातलं मी काही विचारत नाही. विचारलं तर म्हणशील, 'डोळ्यांना काय धाड भरलीये?' पण तो करडा दोरा मी ओळखतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई काज करायला वापरतात तो. म्हणजे त्यांना माहीत आहे, आणि तू त्यांना शपथ घातली आहेस. म्हणजे हे पत्रही त्याच वाचून दाखवत आहेत. शिंपीणबाई, इथे थांबू नका. पाणी नंतर प्या. तुमच्यावर माझा राग नाही. तिच्यापुढे कोणाचं चालतं, हे मी लहानपणापासून पाहतोय. दोरा चांगला आहे, पुढच्या वेळी थोडा जास्त द्या.

ताई, मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण खरं सांगतो, आधी काय वाटलं ते वेगळंच. मी इथे हवा मोजायला बसलो आहे. माझ्याकडे यंत्रं आहेत, त्यांच्यावर काटे आहेत, काट्यांवर दिवे आहेत. वीज गेली की आम्ही बंबला हाका मारतो. तुझ्याकडचा उजेड गेला आणि तू कागदाची पट्टी कापलीस. कोणाला हाक मारली नाहीस. मी ती पट्टी वाऱ्याच्या यंत्राशेजारी लावली आहे. साहेबांनी विचारलं, हे काय. मी म्हणालो, माझ्या बहिणीचं यंत्र. त्यांनी ती दुमडून पाहिली, ऐकलं आणि पुन्हा जागेवर ठेवली.

मी साहेबांना 'नाही' सांगितलं. आपल्या गावातल्या कार्यालयात जागा होती, ती फोनवरूनच मागितली आणि मिळाली. तेच काटे, तोच दाब, फक्त खालची हवा. पुढच्या गाडीने येतोय. हे पत्र माझ्या आधी पाठवतो आहे ते एवढ्याचसाठी, की रागवायला तुला मधले दिवस मिळावेत. सगळा राग शिंपीणबाईंवर काढून ठेव, दारात भांडण नको, माझ्या हातात सामान असेल. आणि मी तुला सांभाळायला येत नाही. बंबने आणि साहेबांनी बजावलं आहे की पुढचं खोकं चुकायचं नाही, दोघंही मला सोडायला तयार झाले ते त्याच अटीवर. सुरी तुझ्याच हातात राहील. मी साल राहिली का बघीन, बिया काढीन आणि रंग सांगीन, खरा, कौतुक न करता. पाकीट मिळालं नाही, म्हणून पत्र घडी करून शेवटच्या पिशवीच्या दोऱ्याने बांधतो आहे. शिंपीणबाई कात्री शोधायला उठल्या असतील आणि तू ते त्यांच्या हातून घेतलं असशील. सुरगाठ होती, तुझ्याच भाषेतली. बाकीचं त्यांनी वाचलं, पण तेवढं तू आधीच वाचलं होतंस.

तुझाच,
खारीक