आईची दहाची नाणी

मंगळवार संध्याकाळ, कोन गाव, भिवंडीजवळ

आज आईने बाजी मारली. मी नुसती बाजूला उभी होते, तरी अजून हसू येतंय.

काल मेडिकलवाल्याने तिची दहाची नाणी परत ढकलली. "मौसी, भिवंडी में ये नहीं चलता." प्रेशरच्या गोळ्या न घेताच ती घरी आली, मला बोललीही नाही. ओट्यावर रुमालात बांधलेली नाणी दिसली, तेव्हा विचारलं. दिवसभर उन्हात बसून भाजी विकायची आणि पैसे खोटे असल्यासारखे परत यायचे?

मी म्हटलं, "मी मोबाईलवरून देते." ती म्हणाली, "तुझं नको. माझं का न्हाय चालत ते बघू."

आज दुकानात गर्दी होती. आईने त्याच रुमालाची गाठ काउंटरवर सोडली. मेडिकलवाल्याने नकारार्थी मान हलवली. मी भांडायच्या तयारीत होते, पण आई शांतपणे म्हणाली, "सरकारचं नाणं हाय. घेत न्हाय असं कागदावर लिहून दे, खाली शिक्का मार."

मागच्या बुरख्यातल्या बाईने पर्स उघडली. "मेरे पास भी यही हैं, भाईजान. मुझे भी लिख के दो."

मला का नाही सुचलं हे?

त्याने मुकाट्याने नाणी गल्ल्यात टाकली. गोळ्यांसोबत चिकटपट्टी लावलेली पाचाची नोट परत दिली. आईने ती उजेडात धरली. "ही चालंल ना रे?"

सगळे हसले, तोही. नोट बदलून दिली.

येताना रिक्षाचे पैसेही तिने मला देऊ दिले नाहीत.