पितळेत तोंड दिसेपर्यंत

२ डिसेंबर १९६३, अकोला

सकाळच्या गाडीनं पोचलो. जठारपेठेच्या पलीकडे, कापसाच्या जिनिंगच्या आवारात मला स्वतंत्र खोली मिळाली आहे. खिडकीबाहेर सरकीचा ढीग, त्यावर चिमण्यांचा बाजार. अमरावतीच्या शाळेत इतकी वर्षं पोरांच्या परीक्षानळ्या धुतल्या. आता बी.एस्सी.चं काही चीज होईल म्हणून मन हलकं आहे.

जिनिंगचे मालक गोवर्धनराव यांनी गावात रायफल क्लब काढला आहे. चीनच्या लढाईनंतर नवी काडतुसं मिळत नाहीत, म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करून पुन्हा भरायच्या. भरणारे वेगळे, माझं काम सफाईचं. त्यासाठी शेडमध्ये एक आडवं लाकडी पिंप आहे. जिनिंगच्या यंत्राच्या शाफ्टवरून पट्टा घेतला आहे, त्यावर ते दिवसभर फिरतं. आत पुंगळ्या आणि कसला तरी भुसा घालायचा; भुसा घासून घासून काजळी काढतो. कोणता भुसा आणि चमक आणायला कोणती पूड, हे मी ठरवायचं.

गोवर्धनराव मला प्रोफेसर म्हणतात. म्हणाले, "प्रोफेसर, भांडं घासल्यावानी नको. मले त्यात पाहून मिशी कोरता आली पाह्यजे." सगळे हसले. मीही हसलो.

बायकोला, केशरला, तिवशाला पत्र टाकलं. ती पाच जानेवारीच्या रविवारी येईल.

५ डिसेंबर

सागवानी भुशापासून सुरुवात केली. काजळी निघते, पण पितळ मठ्ठ दिसतं. सरकीची टरफलं तेलकट, ती पुंगळ्यांच्या तोंडात अडकून बसतात. गोवर्धनरावांनी कल्हईवाल्याचा नवसागर सुचवला. मी नको म्हटलं. त्यानं चमक येते, पण पितळेला आतून तडे जातात आणि ते दिसतही नाहीत. शहाणपणा नको, असं ऐकून घ्यावं लागलं.

जेवण मालकांच्या स्वयंपाकघरातून येतं. तिथल्या पार्बताबाईंनी आडनाव विचारलं. वानखडे म्हटल्यावर गाव विचारलं, मग गावातली आळी. "म्हंजे छप्पनवाले तुमी," म्हणाल्या, म्हणजे छप्पन साली बौद्ध झालेले, आणि माझा पेला खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. मी बाहेर जाऊन तिथंच पाणी प्यालो. हा संयम की थकवा, हे मला सांगता येत नाही.

शेडमध्ये हाताखाली मोतीराम नावाचा माणूस आहे. भुसा भरतो, पिंप उपसतो. वय ओळखू येत नाही. कुणी त्याच्याशी बोलत नाही, पण त्याला कुणी वाईटही वागवत नाही.

१० डिसेंबर

एक कोडं. तराजू सोबत आणला आहे, म्हणून सवयीनं पुंगळ्या आधी आणि नंतर तोलल्या. घासलेलं पितळ थोडं तरी हलकं व्हायला हवं. होत नाही. भुसाही तोलला, तोही घटत नाही. तरी पिंपाच्या तळाशी रोज बारीक करडी पूड साचते. काजळी इतकी नसते. पुन्हा तोललं. माझीच चूक असावी.

वहीचं पान उलटताना बोट घसरतं आहे. थंडीनं कातडी गुळगुळीत झाली असेल.

१५ डिसेंबर

मेळघाटातून चारोळीची टरफलं मागवली होती. कुटून, चाळून घातली. अप्रतिम. पुंगळ्या कोवळ्या उन्हासारख्या निघाल्या. गोवर्धनरावांनी एक उचलून पाहिली आणि म्हणाले, नाक दिसते, मिशी दिसत नाही, आणखी घासा.

दाढी करताना हनुवटीवरचा व्रण सापडला नाही. लहानपणी बैलगाडीवरून पडलो होतो, त्याचा. पातं त्यावर नेहमी अडखळायचं. आज सरळ गेलं.

बोटांची टोकं भिंगाखाली पाहिली. रेषा नाहीत.

१८ डिसेंबर

मोतीरामचा हात धरून उजेडात नेला. त्यानं ओढून घेतला नाही. तळवा कोरा. घासलेल्या ताटलीसारखा. नाव विचारलं तर मोतीराम म्हणाला. गाव विचारलं तर नुसता हसला.

पार्बताबाईंना त्याच्याबद्दल विचारलं. त्या तव्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "थो बी तुमच्यावानीच आला होता. चष्मा लावे, पेटीभर पुस्तकं. कोनाचा कोन, आता त्यालेच ठाऊक नाही. तुमी काहून इचारता? काम करा."

२० डिसेंबर

पितळ झिजत नाही. टरफलं झिजत नाहीत. मग तळाशी पूड कसली साचते, याचं मला एकच उत्तर दिसतं. ते लिहायला लाज वाटते. मी शास्त्र शिकलेला माणूस आहे.

फाटकावर गेलो. पुंगळ्यांचं काम पुरं झाल्याशिवाय मास्तरला सोडायचं नाही, असा हुकूम आहे म्हणे. परवान्याचा माल आहे, पळालो तर पोलिसात देऊ. पट्टा काढून ठेवला. तासाभरात गोवर्धनरावांची माणसं येऊन, शिव्या देऊन, तो पुन्हा चढवून गेली.

२३ डिसेंबर

उपाय सापडला! विटांची भुकटी. चारोळी काढून टाकली, भुकटी घातली. संध्याकाळी तोलल्या तर पुंगळ्या हलक्या भरल्या. पितळ झिजलं! आणि वहीचं पान बोटाला लागलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. जेवताना रडू आलं.

२४ डिसेंबर

भिंग लावून पुंगळ्या पाहिल्या. चरेच चरे. काहींची भिंत तोंडाशी पातळ झाली आहे, बार उडताना फुटेल. गोळी सुटते तेव्हा रायफल गालाला टेकलेली असते, आणि क्लबात येतात ती कॉलेजची मुलं. त्यांच्यापैकी कुणी माझं वाईट केलेलं नाही. कुणी केलं असतं तर राहू दिली असती का भुकटी? माहीत नाही. कुणाला कळलंही नसतं.

चरे पडलेल्या पुंगळ्या ठेचून वेगळ्या केल्या. भुकटी बाहेर फेकली. चारोळी पुन्हा घातली. मोतीराम बघत होता. वाटलं, त्यानंही एकदा हेच केलं असेल.

२८ डिसेंबर

चारोळीत खडूची वस्त्रगाळ पूड आणि मेण घातलं. आता पितळ आरसा आहे. गोवर्धनरावांनी खरंच मिशी पाहिली. खूश झाले. पुढचा माल बाळापूरहून येतो आहे म्हणाले. काम पुरं होणार नाही.

भुवया गेल्या.

३१ डिसेंबर

मजुरीच्या कागदावर सही केली. आडनाव आठवायला वेळ लागला. पेन हातात धरून उभा राहिलो. कारकून म्हणाला, "अंगठा देऊन टाक ना लेका, कायले तोरा." पहिल्यांदा अरे-तुरे. त्याला मी कोण ते —

१ जानेवारी १९६४

पार्बताबाईंनी आज पाणी घरच्या पेल्यात दिलं. हातात दिलं. बोटाला बोट लागलं तरी काही नाही. हसून म्हणाल्या, घे रे बाबा. मी विचारलं, मी कोण? म्हणाल्या, शेडवरचा मानूस.

इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते मिळालं. असं.

२ जानेवारी

फाटक. मी वानखडे, म्हटलं. दारवान म्हणतो मास्तर खोलीत असन, तू कोन? मजुराले पास लागते. पास दे.

आरसा नको. शेडमध्ये सगळीकडे आरसे. हजारो. प्रत्येकात एक मोतीराम — दोन मोतीराम —

अक्षर अजून माझं आहे. हे बघतो रोज. माझंच आहे.

४ जानेवारी

उद्या केशर. तिनं ओळखलं तर ती मला हाताला धरून नेईल. तिला पास लागणार नाही. तिनं ओळखलं की झालं. बाकी काही नको.

पिंप थांबत नाही. नाकाला हात लावत नाही मी.

५ जानेवारी

आली. ओसरीवर बसली आहे, मांडीवर पिशवी. मी समोर गेलो. म्हणाली, भाऊ, वानखडे गुरुजींची खोली कोणती?

मीच, म्हटलं. तिनं पदर ओढून घेतला. दुसरीकडे पाहिलं.

गोवर्धनराव सांगताहेत — मास्तर न सांगता गेला — पुंगळ्या घेऊन — ती म्हणते, ते तसे नाहीत. भांडते आहे माझ्यासाठी. माझ्याकडे पाठ करून.

अक्षर. सगळी पत्रं जपून ठेवली आहेत तिनं. ओळखेल. ही वही तिच्यासमोर धरली आहे. ती बघते आहे. लिहितो —

केशर, हे अक्षर बघ. नीट बघ, घाबरू नकोस. मी कुठं गेलो नाही, मी इथंच तुझ्यापुढे उभा आहे. मी तुझा नवरा, माझं नाव