मधल्या दाराची निळी भिंत

खुटबाव, ता. दौंड
२६ मार्च २००६

प्रिय धम्मदीप,
ताईचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. लग्नपत्रिकेचा मजकूर वाचला, छान झालाय. फक्त आईच्या नावाआधी 'कालकथित' लिहायचं राहिलंय, तेवढं घाल. दीक्षाचे आईवडील पुढच्या महिन्यात घर बघायला येतायत हे कळल्यापासून आप्पांनी अंगणातला दगडन् दगड मला दोनदा उचलायला लावलाय. मी फोन करणार होते, पण फोन बाहेरच्या खोलीत, आणि त्याच्याजवळच आप्पांची खाट. म्हणून पत्र लिहायला बसले.

शेवटी तू लिहिलंयस, "ताई, ती मधल्या दाराची निळी भिंत तेवढी बाकीच्यांसारखी करून घे. साखरपुड्याला निघताना आपल्या घरी जमलेले लोक हसत होते. दीक्षाच्या वडलांना वाटायचं, घराचं काम अर्धवटच राहिलंय." धम्मा, मला राग आला नाही. गडदावर फिका चढवायचा म्हणजे प्रायमर धरून दोन दिवसांचं काम, माझ्यासाठी काही मोठं नाही. गुरुवारी मी क्रीम रंगाचा डबा उघडलासुद्धा. थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसले आणि झाकण परत ठोकून टाकलं. का, ते सांगायचंय. पण तू मला काम करताना कधी बघितलेलं नाहीस, त्यामुळं जरा मागनं सांगते.

मांडवगण फराट्याहून मी सासर सोडून आले तेव्हा तू दहावीला होतास. तुला एवढंच माहीत की ताई शिरूरला रंगाच्या कामाला जाते. इमामभाई पेंटरांकडं बायका होत्या चारपाच, पण सगळ्या भिंती घासायला. ब्रश गड्यांचा, घासकागद बायकांचा, असाच रिवाज. दिवसभर भिंत घासायची, नाकातोंडात पांढरी भुकटी, आणि संध्याकाळी इमामभाईंच्या बायकोच्या, अकिलाभाभींच्या पडवीत मुक्काम. त्यांनी मला दोन वर्षं लेकीसारखं ठेवलं. आप्पांना कोणी विचारलं, तुमची पोरगी काय करती, तर आप्पा म्हणायचे, "रंगकाम करती." घासकाम कधी म्हणाले नाहीत. मला तेव्हा ते खोटं वाटायचं आणि लाज वाटायची.

दोन हजार एक सालची गोष्ट. रांजणगावच्या कारखान्यातले एक साहेब शिरूरला बंगल्यात राहायला आले. त्यांच्या मॅडमनी इमामभाईंना सांगितलं, हॉलच्या तीन भिंती फिक्या आणि ही एकच विटकरी पाहिजे, गडद. इमामभाई बिचारे चक्रावले. म्हणाले, "मॅडम, रंग कमी पडायची काळजी करू नका, मी आणतो. असं अर्धवट घर मी कवा केलं न्हाई." मॅडम हसायला लागल्या. मी कोपऱ्यात घासकागद घेऊन बसले होते. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. आई नाही का, घराला चुना द्यायची तेव्हा बाबासाहेबांच्या फोटोच्या भिंतीपुरती चुन्यात नीळ जास्त घालायची? घरात शिरलं की आधी तीच भिंत दिसायची. मॅडमना तेच हवं होतं, एवढंच.

पण त्या कामात एक मेख असते. कोपऱ्यात दोन रंग भेटतात ती रेघ सरळ पाहिजे. चारही भिंती एका रंगाच्या असल्या की हात हलला तरी खपतं. इथं केसभर रंग पलीकडं गेला तर माणसाची नजर तिथंच अडकते. इमामभाईंचे दोघे गडी सकाळपासून तो कोपरा पुसत होते आणि पुन्हा मारत होते. दुपारी सगळे जेवायला बसले तशी मी शिडीच्या घोड्यावर चढले, बारका ब्रश घेतला, श्वास धरला आणि वरून खालपर्यंत रेघ ओढली. पट्टी नाही, दोरी नाही. खाली उतरले तर इमामभाई दारात उभे. मला वाटलं, उद्यापासून काम गेलं. ते कोपऱ्यापाशी आले, एक डोळा मिटून खालपासून वर बघितलं. "ही रेघ तू मारली व्हय?" म्हटलं, "व्हय." त्यांनी गड्यांना हाक मारली, म्हणाले, "आजपासनं कोपरं अंजना मारणार. तुम्ही घासा."

तिथून पुढं माझ्या हातातला ब्रश कोणी काढून घेतला नाही. शिरूरात अशी सात घरं केली, मग दौंडात. कवठे येमाईच्या एका गुरुजींनी तर मला एस.टी. स्टँडवर गाठून विचारलं, "एका भिंतीवाल्या बाई तुम्हीच का?" मी घरात गेले की आधी रंगाचं पुस्तक उघडत नाही. दारात उभी राहते. आत आल्यावर नजर कुठं जाते, ऊन कुठून येतं, घरातलं माणूस कुठं बसतं, ते बघते. मग भिंत ठरवते. चुकीची भिंत धरली तर खोली अंगावर येते, बरोबर धरली तर तीच खोली मोठी वाटते. हे मला कोणी शिकवलेलं नाही, धम्मा. स्वतःच्या कामाची फुशारकी मारू नये म्हणतात, पण आज मारते.

तुला नागपूरला नोकरी लागली तेव्हा आपलं घर मी स्वतः रंगवलं होतं, आठवतं? भिंती क्रीम, दारं क्रीम, चौकटी क्रीम, टेबलसुद्धा त्याच रंगाचं. तू म्हणालास, "ताई, हे तर साहेबाचं घर वाटतंय." मला केवढं बरं वाटलं होतं.

आता मागची दिवाळी आठव. आप्पांनी तुझ्यासाठी चहा ओतला आणि तो बशीच्या बाहेर टेबलावर गेला. तू म्हणालास, "आप्पा, म्हातारे झालात." आप्पाही हसले. त्यांच्या कपाळाला टेंगूळ होतं, ते तुला म्हणाले, म्हशीनं ढुशी दिली. म्हशीनं नव्हती दिली. अर्धवट उघडं असलेलं मधलं दार लागलं होतं, आठवड्यात दुसऱ्यांदा. तू परत गेलास आणि मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. कडेचं बरंच गेलंय, आणि रंगात रंग मिसळला की त्यांना काही उमजत नाही.

येताना गाडीत ते खिडकीशी बसले होते. येवत मागं पडलं. मग म्हणाले, "तीस वरसं या रुळावरनं हातोडा घेऊन चाललो. रूळ धरून ठेवणारी चावी ढिली असली तर पंचवीस पावलांवरनं दिसायची मला. माझ्या टप्प्यात एक गाडी कवा घसरली न्हाई. आन् आता धम्माला काय सांगशील, बापाला दार दिसत न्हाई म्हनून? त्याला सांगायचं न्हाई. पोरगं नोकरी सोडून पळत यील." मी शब्द दिला. काय करणार होते?

पण घरी आले आणि दारात उभी राहिले, दुसऱ्याच्या घरी कामाला गेले की राहते तशी. तेव्हा दिसलं. भिंत क्रीम, दार क्रीम, चौकट क्रीम. त्यांच्यापुरतं घर मीच पुसून टाकलं होतं. ते भिंतीला हात लावून चाचपत स्वयंपाकघरात जायचे, आणि मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्याचे तुकडे केले, एकेका रंगाचे. ते भिंतीला लावायचे आणि खाटेवर बसलेल्या आप्पांना विचारायचं. हिरवा? "हाय कायतरी." तांबडा? "काळं दिसतंय." गडद निळा लावला आणि त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी धरली. आप्पा पुढं वाकले. म्हणाले, "निळं हाय. आन् त्यावर पांढरं हाय, उभं." बस, ठरलं. मधल्या दाराची भिंत गडद निळी. दार, चौकट, विजेचं बटन पांढरंशुभ्र. चौकटीची कड मी जशी मारली, तशी साहेबाच्या बंगल्यातही मारली नव्हती.

रंग सुकल्यावर मी भाकरी थापत आत बसले. आप्पा खाटेवरून उठले. हात भिंतीकडं गेला, मग खाली आला. सरळ चालत आले, नेमका चौकटीवर पंजा ठेवला आणि तिथंच उभे राहिले. "अंजे, ही चौकट हाय." म्हटलं, "हाय, आप्पा." त्या दिवशी पाणी प्यायचं निमित्त करून ते दहा वेळा तरी आतबाहेर झाले असतील. शेजारच्या भामाबाई आल्या, भिंत बघून म्हणाल्या, "रंग संपला व्हय गं?" मी तोंड उघडायच्या आधीच आप्पा म्हणाले, "रंग न्हाई संपला, भामाबाई. बाकीच्या भिंतींची लायकी न्हाई." आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात, माझ्या लेकीचं काम हाय. इमामभाई मुद्दाम शिरूरहून बघायला आले. कोपऱ्यातल्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अजून सरळच येती की." भिंत कशासाठी, ते त्यांना कळलं असावं. तुझे पाहुणे हसले ती भिंत ही.

तेव्हा भिंत राहणार, ते मी ठरवलंय. पण हे पत्र भिंतीसाठी लिहिलेलं नाही. आप्पांना दिलेला शब्द मी मोडतेय तो सात मेसाठी. तुझ्या लग्नात वंदनेच्या आधी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार वरपिता घालणार, असं त्यांनी भन्तेजींना सांगून ठेवलंय. कोणाच्या आधाराशिवाय, एकट्यानं. मी शुक्रवारी दौंडला जाऊन मंगल कार्यालय बघून आले. मंचाला तीन पायऱ्या आहेत, सगळ्या पांढऱ्या फरशीच्या. मालक भला माणूस आहे, मी पायऱ्यांच्या कडांना निळे पट्टे मारणार आहे आणि प्रतिमांच्या मागं गडद कापड लावणार आहे. मी बाजारात गेले की आप्पा घरी एकटेच सराव करतात, अंगणातल्या ओट्यावर चढतात, उतरतात. काल मी लवकर आले म्हणून मला दिसलं. तुला सगळं कळलेलं आहे, हे त्यांना कळू देऊ नकोस. आणि धम्मा, त्या दिवशी ते खुर्चीतून उठतील तेव्हा तुझा जीव वरखाली होईल, माझाही होईल. कोणी मदतीला पुढं झालं तर डोळ्यांनी थांबव. तू मात्र जागेवरनं हलू नकोस. त्यांचा हात धरायला जाऊ नकोस.

तुझीच,
अंजनाताई