अंतर्गत लाट

२ मे २०१९
दूध संस्थेच्या संचालकपदाचा फॉर्म भरला. निवडून आलो की चेअरमन मीच, दुसरा शिकलेला माणूस आहे कुठे? समोर धुळाजी. सातवीला मीच त्याला भूगोलात नापास केलं होतं. चिंता नाही.
बायको, शिवकन्या, म्हैस घेऊन चारा छावणीवर गेली. निघताना म्हणाली, "तुमीबी चला, म्हस भरल्या दिवसांची हाय." प्रचार संपला की येतो म्हणालो.

४ मे, सकाळी
घरोघर प्रचार. निम्म्या घरांना कुलूप. उरलेल्यांत म्हातारी माणसं. कोणी काही बोलत नाही. थोडा खचलो. (हे वाक्य खोडणे.)

४ मे, दुपारी
मोबाईलवर उपग्रहाचा फोटो पाहिला. अंदमानच्या बेटांजवळचा समुद्र, त्यावर कोसच्या कोस लांब कमानी, एकामागे एक. या लाटा म्हणे पाण्याच्या आत चालतात. वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी, यांच्या मधून. आत लिंबागणेशच्या देवळाच्या कळसाहून उंच, वर जेमतेम सुरकुती. नावेतल्या माणसाला पत्ता नसतो. उपग्रहाला मात्र उन्हाच्या चकाकीत पट्टे दिसतात.
वाचता वाचता डोक्यात उजेड पडला. गाव गप्प आहे, म्हणजे माझी लाट आतून चालली आहे.

७ मे
फोटोची मोठी प्रिंट डेअरीच्या भिंतीला लावली. पारावर व्याख्यान दिलं, 'बेटं, भरती आणि मतदार'. श्रोते दोन. बायडाबाईंना ऐकू कमी येतं. आसाराम म्हणाला, "सर, त्ये ऱ्हाऊ द्या, टँकर कवा येनार त्ये सांगा." याचाही भूगोल कच्चाच.
शिवकन्येचा फोन. म्हैस बेचैन आहे, या म्हणते. तिला समजावलं की भरतीचं पाणी बेटांमधल्या बुडालेल्या डोंगरावरून जातं, म्हणून लाट उठते. डोंगराने जागा सोडून चालत नाही.
ती म्हणाली, "बरं. डोंगर जेवला का?"

११ मे
धुळाजीचा गावात एक बोर्ड नाही. दिवसरात्र छावणीवरच असतो म्हणे. घाबरला.
काल रात्री उपग्रहाचे नवे फोटो बघताना शिवकन्येचे सारखे फोन. शेवटी कट करावे लागले. सकाळी लावला तर उचलत नाही. रुसली असेल. निकालानंतर समजूत काढू.

१४ मे
मतदान. छावणीवरून टेम्पो भरभरून मतदार आले. शिवकन्याही आली, घरी न येता परत गेली. मला पाहून सगळे गप्प. लाट प्रचंड आहे. आभाराचं भाषण लिहून ठेवलं.

१५ मे
धुळाजी निवडून आला. मला मतं पडली, नाही असं नाही.
संध्याकाळी शिवकन्येने फोन उचलला. म्हणालो, निदान तुझं मत तरी मला होतं.
म्हणाली, "न्हाई. त्या राती म्हस अडली. तुमाला लई फोन लावले. मग धुळाजीभाऊनं रेडकू वढून काडलं, म्हस वाचली. मत तेन्लाच देलं."
चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. विचारलं, उद्या येऊ का छावणीवर?
"कावून?" म्हणाली. "आता काई काम न्हाई."