पिंजऱ्याशिवाय हवा

तीर्थरूप जयवंतातात्यांस,

हातानं कमावणाऱ्यांचा जीव आपल्या भागात फार स्वस्त झाला आहे, हा राग तुमच्या मनात आहे आणि माझ्याही. मी लोणी देवकरला टायरच्या दुकानात कामाला लागले त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "हे पोरीचं काम न्हाय." तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे.

परवा ट्रकच्या चाकात हवा भरताना नीट न बसलेली लोखंडी रिंग उडाली आणि माझा गाल खरचटून गेली. आईला दार लागलं म्हणून सांगितलं. उडालेली रिंग अडावी म्हणून चाक ज्यात ठेवून हवा भरायची, तो लोखंडी पिंजराच दुकानात नाही. मी बोलले, तर दुकानाचे मालक भीमाशेठ हसले, "भाषणं बारामतीच्या स्टेजवर ठोक, बाई. हितं हवा भर." मी नकार दिला. मग त्यांनी स्वतःच पाइप उचलला आणि तशीच हवा भरली.

हे वाचून तुम्ही मला घरी न्याल, म्हणून पत्र पेटीत टाकवत नाही. काम मी सोडणार नाही. उडालेली रिंग बाई-पुरुष बघत नाही, तात्या. कोऱ्हाळ्याच्या तुमच्या वर्कशॉपात रोज लोखंडी फाटकं वेल्ड होतात. या रविवारी मशीन घेऊन या आणि इथं एक पिंजरा वेल्ड करून द्या.

तुमची हट्टी पुतणी,
स्वरूपा