मोठेबाबांसाठी वीस मिनिटं

मु. पो. करडी, जि. भंडारा
दि. ७ मार्च २००५

तीर्थस्वरूप अंकुशभाऊंना,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे टिकारामचा, वाकून नमस्कार. वहिनींनाही नमस्कार आणि गुंजनला आशीर्वाद. पुण्याचं पाणी तुम्हाला मानवत असेल आणि कंपनीत अजूनही तुम्ही सगळ्यांच्या आधी पोचत असाल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तसं ते नाही, पण ते क्रमाने येईल. आज सकाळी तुमच्या ऑफिसात फोन केला तेव्हा तुम्ही मीटिंगला निघाला होतात आणि ‘सविस्तर लिहून पाठव, सवडीने वाचतो’ म्हणालात. म्हणून सविस्तर लिहितो आहे. सवड तुमची तुम्ही पाहा.

दिवाळीत तुम्ही मला ती निळी वही दिलीत, तिच्यापासून सुरुवात करावी लागेल. तुम्ही दीड दिवस आपल्या आंधळगावात होतात आणि त्यातली एक सबंध दुपार तुमच्या बाबांच्या, म्हणजे माझ्या मोठेबाबांच्या, ओसरीवर बसून मला वेळेचं नियोजन शिकवण्यात घालवलीत. (मोठेबाबा आत हातमागावर विणत होते. मधून मधून हात थांबवून ऐकत होते, हे मला आत्ता आठवतं.) तुम्ही सांगितलंत की डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं वहीत ठेवायचं. एकसारखी कामं गोळा करून एकाच दिवशी उरकायची. जे नक्की घडणार आहे ते पेन्सिलने आधीच लिहून ठेवायचं आणि दर रविवारी बसून त्यावर शाई फिरवायची. मला पटलं. पटणारच, कारण जिल्हा फुटल्यापासून आमच्या खात्याची माणसं गोंदियाकडे गेली आणि गावं मात्र सगळी आमच्याकडेच राहिली, अशी निदान माझी तरी समजूत आहे. एकटा ग्रामसेवक, तीन ग्रामपंचायती, एक मोटारसायकल. जानेवारीपासून मी वहीबरहुकूम चालू लागलो. तिन्ही गावांचे संडास एका दिवसात मोजले, तिन्ही गावांचे दाखले एका दिवसात दिले. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. तुमची भावजय रेणू म्हणाली की जेवताना तरी घड्याळ काढून ठेवत जा; मी तिला सांगितलं की जेवणाला वहीत पंधरा मिनिटं आहेत आणि त्यातलं एक मिनिट तिने हे बोलण्यात घालवलं. (हे वाक्य मी आता परत घेतलं आहे. तिने ते घेऊ दिलेलं नाही.)

आता मूळ भानगड. ग्रामसेवक म्हटला की कोणाच्या घरी माणूस गेलं तर बसायला जावं लागतं. ओळखीचे, नात्याचे, पंचायतीच्या सदस्यांचे सासरे; महिन्याकाठी पाच-सहा घरं होतात, आणि गेलं की कोणी लवकर उठू देत नाही. मी विचार केला, हीसुद्धा एकसारखीच कामं. म्हणून महिन्याचा पहिला शनिवार मी दुखवट्याला लावला. दर घराला वीस मिनिटं. फेब्रुवारीत हे फार सुरळीत पार पडलं. एका मास्तरांची आई गेली होती. ते बिचारे सुरुवातीपासून सांगत होते, आणि म्हातारीला जीपमध्ये घातलं इथपर्यंत ते आले तेव्हा माझी वीस मिनिटं संपली. पुढे काय झालं ते मला माहीत होतंच, म्हणून मी उठलो.

त्याच महिन्यात मोठेबाबांना डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. हे मी तुम्हाला फोनवर कळवलं होतं. फार तर महिनाभर काढतील असं डॉक्टर म्हणाले, तेही सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात की दहा दिवसांची रजा जपून ठेवली आहे, काही झालं की कळव, मग एकदाच येतो आणि सगळं आटपूनच जातो. खरं सांगतो, मला ते नियोजन इतकं आवडलं की मी ते वहीत उतरवून घेतलं. आणि त्याच झटक्यात, जे नक्की घडणार आहे ते आधीच लिहावं म्हणून, मार्चच्या पहिल्या शनिवारी पेन्सिलने लिहून टाकलं: ‘आंधळगाव, मोठेबाबा, ११.१० ते ११.३०.’

पुढे स्वच्छतेच्या तपासणीची समिती आली आणि दोन आठवडे मी माणसात नव्हतो. रविवारी बसून पेन्सिलीवर शाई फिरवली. बाकीच्या तीन मयतांबरोबर मोठेबाबांवरही फिरवली. आमच्या नोकरीत वीस वर्षं काढली की एक खोड लागते, भाऊ: जे नोंदवहीत आहे ते घडलेलं असतं आणि जे नोंदवहीत नाही ते, माणूस समोर उभा असला तरी, घडलेलं नसतं. शनिवारी सकाळी वही उघडली, शाईने मोठेबाबा लिहिलेले दिसले, आणि मला वाटलं, अरे, मोठेबाबा गेले. वाईट वाटलं. पण बातमी कोणी आणली, कधी आणली, याचा विचार करायला त्या दिवशी वहीत जागा नव्हती. रेणूला सांगितलं तर ती चुलीपुढेच खाली बसली. आपल्याला मातीला कसं बोलावलं नाही, हे तिने विचारलं नाही. तिची मावशी गेल्याची बातमी मी अशीच नऊ दिवस खिशात ठेवली होती, त्यामुळे तिला काही नवल वाटलं नाही.

तुम्हाला आपल्याकडची रीत माहीत आहे. बाईमाणूस बसायला जातं ते गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढून रडत जातं, नाहीतर लोक नावं ठेवतात. रेणूने मोटारसायकलवरून उतरून कोष्टीपुऱ्याच्या कोपऱ्यावरच सुरुवात केली, आणि ती रीत म्हणून रडत नव्हती. माझ्या बापामागे मोठेबाबांनीच तिला सून म्हणून घरात आणलं होतं. तिचं ऐकून कोपऱ्यावरच्या घरातली मंदाबाई बाहेर आली आणि तीही रडू लागली. मागोमाग माग थांबू लागले. एकेका घरातल्या मागाचा खटका बंद होत गेला आणि सगळी गल्ली आमच्या मागे निघाली. शेजारचे भैय्यालाल तर (माणूस कामाचा आहे) परसातून दोन हिरवे बांबू तोडून आमच्या आधीच तुमच्या दारात पोचले.

आत फक्त एक माग चालू होता.

मोठेबाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. अंगावर बंडी, आत माणूस थोडासाच. शकुनबाई, म्हणजे आपली मोठी आई, सुताच्या कांड्या भरत होती. मोठेबाबांनी धावता धोटा हातात धरून माग थांबवला, दारातल्या पन्नास माणसांकडे पाहिलं आणि विचारलं, “कोन गेलं?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. रेणूने पाहिलं ते मी या जन्मात विसरणार नाही. मला खोटं सुचलं नाही. मी वही काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. लोक हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही. भैय्यालाल बांबू उचलून परत निघाले तर मोठेबाबा म्हणाले, “राहू दे ना तिथंच. दुसऱ्यांदा कायले चक्कर मारतं?” (नियोजन म्हणतात ते हे. आपण दोघं उगाच वह्या भरतो.)

मग मला म्हणाले, “मेल्यावर किती टाइम बसनार होता?”

मी म्हटलं, वीस मिनिटं.

“मंग आताच बस. तेवढा पुरते मले.”

मी बसलो. भाऊ, मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण शेवटचं असं बसणं कधी झालं होतं ते मला आठवेना. वीस मिनिटं झाली तेव्हा माझा हात आपोआप घड्याळाकडे गेला. मोठेबाबांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि दिवे लागणीपर्यंत उठलो नाही. बाकीची तीन घरं राहिली. ती माणसं खरोखरच मेलेली होती, त्यांना घाई नव्हती. मोठेबाबा फार बोलले नाहीत. दिवसाला वीतभर विणतात आणि टेकतात. माझ्या बापाच्या दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला माहीत नव्हत्या. लहानपणी तुम्ही कांड्या भरता भरता झोपून जायचात, ते सांगितलं. तुम्ही अजून पालथेच झोपता का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. मला माहीत नव्हतं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

असो. पत्र लांबलं, माफी असावी. वहिनींना सांगा की रेणू माझ्याशी बोलते आहे, पण कामापुरतंच.

तुमचा धाकटा,
टिकाराम

ता. क. : निळी वही यासोबत परत पाठवतो आहे. मार्चपुढची सगळी पानं कोरी आहेत, तुम्हाला उपयोगी पडतील. फक्त या आठवड्याच्या पानावर मी तुमच्या नावाने आंधळगावची एक ओळ लिहिली आहे. पेन्सिलने नाही.

ता. क. दुसरा : आज ११ तारीख. पत्र चार दिवस माझ्या पिशवीतच राहिलं. पोस्टात टाकायचं हे वहीत लिहायला हवं होतं, पण वही तर पत्राबरोबर पाकिटात होती. आता रेणू स्वतः पोस्टात टाकायला घेऊन निघाली आहे. काल आंधळगावला जाऊन आलो. मोठेबाबा आहेत. माग मात्र मंगळवारपासून बंद आहे. बांबू भिंतीला टेकून आहेत, अजून हिरवे आहेत.

ता. क. तिसरा : तुमच्या रजेचं मी मोठेबाबांना सांगितलेलं नाही. मोठ्या आईनेही नाही. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. काल निघताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि जे म्हणाले ते तसंच लिहितो: “अंकुशले लिहून दे. वीस मिनिटं असतीन तं आता घेऊन ये म्हना. त्याचे मंगचे दहा दिवस मले दिसनार नाही.”